सरवरीखालाच्या खुराड्यात कोण राहणार

कोणती कोंबडी ठेवायची आणि कोणती बाजाराला धाडायची, हे सरवरीखाला दोन बोटांनी ठरवायची. कोंबडी काखेत उलटी धरायची, शेपटीखालच्या दोन हाडांच्या मधे बोटं टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायचे. दोन बोटं आडवी बसली की कोंबडी अंड्यावरची. मग निकाल लागायचा, "राह्य बई, खा जवारी." एकच बोट बसलं तर, "तुहा दाणा रिसोडच्या बाजारात." बस्स. कोंबडीनं कितीही आरडाओरडा करावा, सरवरीखाला दुसऱ्यांदा बोट लावायची नाही.

तिचा नवरा युनूस नालबंद होता. रिठद गावातल्या निम्म्या बैलांच्या पायात त्याचे नाल. तो गेला, आणि गल्लीच्या टोकाला त्याची नाल ठोकायची झोपडी तेवढी राहिली, रिकामी. परसात भिंतीला लागून मातीचं खुराडं होतं, त्यावर खालाचं पोट चालायचं. अंडी विकायची, पिल्लं विकायची, सालातून दोनदा बोटं लावून खुराडं चाळून काढायचं.

तिचा धाकटा भाऊ रऊफ इंझोरीला किराणा विकायचा. युनूस गेल्यापासून तो एकच गोष्ट म्हणायचा. तोंडात सुपारी धरून, अर्धा शब्द नाकातून सोडत म्हणावं, म्हणजे तंतोतंत रऊफ जमतो : "आपा, अकेली औरत, चार मुर्गियाँ. लोग मुझे क्या बोलेंगे?" आणि त्याची बायको शाहजादी, ती गोड. इतकी गोड की ऐकणाऱ्याचे दात आंबावेत. "आपा, दो रोटी का क्या है? हम गिनते थोडी हैं!" मागच्या रमजानात खाला तिकडे आठ दिवस राहून आली. आल्यावर आमच्या दोन परसांमधल्या भिंतीपाशी उभी राहून माझ्या मायला म्हणाली, "मोजत नाही म्हने. पण दर रोटीले डोळ्यानं टिपका देते बई. अशी." आणि तिनं पापणी अशी मिटून दाखवली की माय हसता हसता खालीच बसली.

खालाच्या खुराड्यात एक कोंबडी होती. अंडं आठवड्यातून एक, बोंब दिवसाला शंभर. तिचं नाव खालानं शाहजादी ठेवलं होतं.

अडतीस सालच्या चैत्रात रऊफ आला तेव्हा भावाबहिणीत करार झाला. रऊफ म्हणाला, "मृग लगने के पहले गाडी लेके आता हूँ. फिर रस्ता नहीं रहता. उस दिन तेरा खुराडा चलता दिखा तो खाली गाडी वापस. नहीं दिखा तो चुपचाप बैठना."

"चालता मंजे कसा?"

"मुर्गा, मुर्गियाँ, और नीचे चूजे. सिर्फ बुढ्ढी मुर्गियाँ नहीं चलेंगी."

"चल," खाला म्हणाली. खुराड्यात तेव्हा नऊ जण होते; त्यातली भुरी पुढे उसनी गेली आणि आठ राहिले. खालाला त्यात धास्तीसारखं काही वाटलं नाही.

भुरी उसनी गेली म्हणजे काय, ते सांगायला हवं. कोंबडी खुडूक झाली की तिला बसायचंच असतं. अंडी नसली तर दगडावर बसते. एखाद्या घरी अंडी असतात पण बसणारी कोंबडी नसते, मग ते घर शेजारची खुडूक कोंबडी मागून नेतं. पिल्लं निघाली की कोंबडी आणि वर दोन पिल्लं परत. मागितलेली खुडूक कोंबडी नाही म्हणायची नाही, आणि उसनी आणलेली कोंबडी आपल्या घरी मरू द्यायची नाही. ती मेली तर बाई गावात मान वर करून पाणी भरू शकत नाही. आणि भुरी तर बसण्यात सगळ्या गावात पहिली. वरच्या आळीतली सोजरबाई वैशाखात तिला डालग्यात घालून घेऊन गेली होती.

ती गेली आणि चारच दिवसांत कोंबड्यांची मानमोडी आली.

मोगलाईकडून आली म्हणे, हिंगोलीच्या बाजारातून. आज या गावात, उद्या त्या. कोंबडी आधी हिरवंपांढरं हागते, मग मान अशी पिळून पाठीवर टाकते आणि गोल फिरते. तिसऱ्या दिवशी खुराडं झाडून काढायचं. खालानं परसाचं दार लावून घेतलं, कोंबड्या गल्लीत सोडणं बंद केलं, आणि सकाळी नमाज झाली की अंगणात उभी राहून कान द्यायची. गावातला प्रत्येक कोंबडा तिला आवाजानं ठाऊक. तिचा कोतवाल आरवताना शेवटाला उचकी द्यायचा, "कुकूऽऽच कूऽ... क्." इंद्रभान पाटलाचा कोंबडा खर्जात. सोजरबाईचा लाल्या सगळ्यांच्या आधी, घाईघाईनं, शेवटचा सूर गिळून.

त्या सोमवारी लाल्या बोलला नाही.

खालानं खुराड्याची फळी काढली. कोतवाल, शेठानी आणि काळी बाहेर आले. शेठानी आणि काळी म्हणजे खुराड्याचा जीव. दोघींना दोन दोन बोटं ऐसपैस बसायची. बाकी पाच जणी अजून आतच होत्या, तेवढ्यात परसाचं दार ढकलून सोजरबाई आली. काखेत डालगं. तिनं ते अंगणात टेकवलं, आणि डालग्यातले चार दाणे बाहेर सांडले.

"घे व माय, तुही भुरी." सोजरबाई भरभर बोलत होती. "तुह्या हवाली केली. मंग मले बोल नको लावू."

"आठच दिवस झाले. अंडी?"

"राह्यली तं राह्यली. कोंबडी तुही हाये."

"घरचे ठीक हायेत न सगळे?"

"ठीक हायेत नं व."

तिच्या 'ठीक'मधला 'ठी' इतका लांबला की तेवढ्यात एखादं अंडं उकडलं असतं. खाला तिच्याकडे पाहत राहिली.

"आज तुहा लाल्या आरवला नाही."

"कापला. पाव्हणे आल्ते."

"काल तुह्या घरून फोडणीचा वास नाही आला."

सोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "तीन मेल्या व सरवरी. रातीपासून. लाल्या सकाळी गेला. भुरी आत कोठीपाशी होती, एकली, तिले काही नाही झालं. मनलं तुही कोंबडी माह्या घरी मरू नये. गावानं काय मनलं असतं मले? म्हून पयत आली."

उसनवारी फेडायच्या घाईत तिनं मानमोडीच उचलून खालाच्या अंगणात आणून ठेवली होती. तेवढ्यात कोतवाल डालग्यापाशी पोचला. मागून शेठानी आणि काळी. तिघं मिळून सांडलेले दाणे टिपत होते.

"हूश्!" खाला ओरडली. तिनं आधी जाऊन फळी लावली. आतल्या पाच जणी आतच राहिल्या.

मग ती खुराड्यावर बसली. सोजरबाई उभी. भुरी डालग्यात 'कुर्र कुर्र' करत होती, खुडूक कोंबडी करते तशी, जगात कसलीच काळजी नसल्यासारखी.

आत कोण होतं, हे सगळ्या परसाला माहीत होतं. लंगडी, जिला फक्त एक बोट बसायचं. दोन तलंगा, म्हणजे अजून एक अंडंही न घातलेल्या पोरी. एक म्हातारी कवडी. आणि शाहजादी. दोन बोटांच्या मापानं त्यांतली एकही राहिली नसती. ज्या राहिल्या असत्या त्या दोघी कोतवालासकट बाहेर उभ्या होत्या, चोचीत सोजरबाईच्या घरचे दाणे.

"कापून टाक," सोजरबाई म्हणाली. "तिघं बी. मी वाटून येतो घरोघरी."

"अन् पिसं कुठी फेकू? कुत्रं कोनाच्या अंगनात नेईल? अन् कोंबडा कुठून आनू मी मृगाच्या आत?"

तेवढ्यात दाराशी खाकरलं कुणी. तय्यब अंडीवाला. खांद्यावर कावड, दोन्हीकडे जाळीच्या टोपल्या. तय्यब बोलतो तेव्हा आधी नाकानं हुंगतो. तीन हुंगं झाली की पहिला शब्द येतो. "हूं... हूं... हूं... भाबी, गाव में बीमारी है. सब दे डालो. आज भाव है. कल मुफत में कौन लेगा?"

"दारातच राह्य, तय्यब. आत पाय नको टाकू."

"अरे, मैं क्या..."

"तुह्या टोपलीत कोनकोन्त्या गावच्या कोंबड्या हायेत?"

तय्यबनं टोपलीवरचं फडकं ओढून घेतलं. "सब अच्छी हैं."

"तं अच्छ्याच राहू दे. माह्या इथून तुले एक पिस बी नाही भेटनार."

"रख ले! रख के क्या करेगी? परसों सब उलटी पडी रहेंगी. फिर रऊफभाई की गाडी में खाली हाथ बैठना." आणि तो गेला. जाताना गल्लीच्या तोंडाशी मोठ्यानं म्हणाला, "इंझोरी जातच हूँ मैं. बोलता रऊफभाई को!"

त्याचं सुपभर नाक आणि मराठी मिसळलेली हिंदी यांवर एरवी भिंतीपलीकडून पाहणारे आम्ही हसलो असतो. पण खालाचा चेहरा पाहून कुणी हसलं नाही. विकले असते तर त्या दिवशी हाती दोन पैसे आले असते, पण खुराडं रिकामं झालं असतं. सगळे ठेवावेत तर सगळे मरतील. आणि मृगाला महिनाही राहिला नव्हता.

ती उठली आणि तिनं निकाल दिला. या वेळी बोटं नव्हती.

"आतल्या पाच राह्यतीन. बाहेरचे तीन तुह्या घरी ने, सोजर. तुहं खुराडं तसंही रिकामं झालं. जगले तं जगले."

"शेठानी बी? काळी बी?" सोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "अन् हे लंगडी ठेवतं?"

"लंगडीनं ते दाने नाही खाल्ले."

"अन् भुरी?"

भुरी त्या घरात होती, पण आत, एकटी. कदाचित बाधली असेल, कदाचित नसेल. ती खुराड्यात गेली आणि बाधलेली निघाली तर पाचही गेल्या. नुसतीच टाकून दिली तर पिल्लं कुठून येणार? खाला घरात गेली आणि पाण्याच्या रांजणाजवळचं मडकं घेऊन आली. मडक्यात कोंडा, कोंड्यात अकरा अंडी. त्या आठवड्यात शेठानी आणि काळीनं घातलेली. कोतवालाची शेवटची.

"भुरी नालबंदीच्या झोपडीत बसंल. हे अकरा तिच्याखाली ठेव. अन् तू तिचं दानापानी करशीन, इक्कीस दिवस. मी तिकडे फिरकनार नाही. बाधा माह्या पायानं इकडे यायले नको. सकाळी आंग धुवून पयले भुरीकडे, मंग घरच्या तिघांकडे. उलटं नाही."

"मी?"

"तुहं घर बाधलं, तू बाधली. दुसरं कोन हाये?"

सोजरबाईनं मडकं दोन्ही हातांनी घेतलं. डालग्यात खालानं एक लोखंडी नाल टाकला, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. युनूसचा होता तो. मग परसाचं दार लागलं.

यानंतर रोज सकाळी सोजरबाई गल्लीतूनच हाक द्यायची.

"सरवरीऽऽ! बसली हाये वंऽऽ!"

"खाते का?"

"खातेऽऽ!"

"अन् माहे तिघं?"

"ठीऽऽक!"

खाला दारामागे उभी राहून तो 'ठीक' मोजायची. पहिले तीन दिवस तो आखूड होता. चौथ्या दिवशी काळी मेली. सोजरबाई रडतच सांगून गेली. पाचव्या दिवशी 'ठीक' लांबला. सहाव्या दिवशी आणखी लांबला.

खालानं दाराची कडी काढली, पण दार उघडलं नाही. "सोजर, दोन दिवस झाले. कोतवालाची उचकी नाही आली मले."

सोजरबाईनं गल्लीतच बसकण मारली. मग : "परवा गेला व माय. शेठानी बी. मले तोंड नाही झालं."

"अन् भुरी? तिचं बी तोंड नाही झालं का तुले?"

"भुरी बसली हाये! लेकराची आन!"

"तुहा 'बसली' बी लांबून राह्यला सोजर."

आता काय करणार? जाऊन पाहावं तर पायानं बाधा आणायची, न जावं तर जी दोनदा खोटं बोलली तिच्यावर हवाला. खाला गेली नाही. तिचा रोजचा दिवस खुराड्याच्या फळीला कान लावून सुरू व्हायचा. आजारी कोंबडीचा श्वास घरघरतो, जुन्या हुक्क्यासारखा. पाचही श्वास स्वच्छ. शाहजादी तर आतून इतकी बोंबलायची की खाला म्हणायची, "बोंबल माय, बोंबल. तुही बोंब आता गोड लागून राह्यली." तलंगांपैकी एकीनं दहाव्या दिवशी पहिलं अंडं घातलं, कबुतराच्या अंड्याएवढं. गावात मात्र दर घरी झाडू फिरत होता. पंधराव्या दिवसानंतर रिठदात सकाळी एकही कोंबडा आरवत नव्हता. इतकी शांत सकाळ की बैलाच्या गळ्यातली घाट, ती मोठी घंटा, वेशीबाहेरून ऐकू यायची.

आणि विसाव्या दिवशी तीच घाट ऐकू आली. रऊफची गाडी.

तय्यबनं सांगितलं होतं. रऊफ अंगणात आला, खुराड्यात डोकावला, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "लंगडी. बुढ्ढी. दो बच्चियाँ. और ये चिल्लानेवाली." (ती कोंबडी त्याच्या बायकोच्या नावाची आहे हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं, देव पावला.) "मुर्गा?"

"मेला."

"चूजे?"

"उद्या निघतीन."

"आपा," रऊफ म्हणाला, आणि आवाज खरंच मऊ केला, "उद्या उद्या में पूरी उमर निकल जाती. मृग सर पे है. मैं रुक नहीं सकता." त्यानं बाहेरून गाडीवान बोलावला. दोघांनी मिळून जातं उचललं, वरची तळी आणि खालची, आणि गाडीत टाकलं. जातं गेलं म्हणजे घर गेलं. मग बिछाना. खाला उंबऱ्यात उभी, हात पदराखाली.

"थांब," ती म्हणाली. "चल माह्यासंग. नालबंदीत. तू सोता पाह्य. नाही दिसलं तं मी चुपचाप बसतो गाडीत."

ती वीस दिवसांनी पहिल्यांदा गल्लीच्या त्या टोकाला गेली. झोपडीच्या दारात सोजरबाई उभी होती, आंघोळ करून, केस ओले, आणि रऊफला पाहून तिचा चेहरा असा उतरला की रऊफ लगेच म्हणाला, "देखा? मरी पडी होगी. ये औरत झूट बोलती."

खाला आत गेली. अंधार. डालग्यातून आवाज आला, "कुर्र."

भुरी होती. रोडावलेली, पिसं गळालेली, पण डोळे भिंगरीसारखे. तिनं रऊफच्या हातावर टोच मारली.

"मुर्गी है," रऊफ हात चोखत म्हणाला. "चूजे कहाँ हैं?"

"सोजर, कोमट पानी आन."

रऊफला ते सांगावं लागलं नाही. तोही त्याच आईचा मुलगा. लहानपणी परातीपाशी उकिडवा बसून त्यानंच हे पाहिलं होतं. विसाव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडायची. आत जिवंत पिल्लू असलं तर अंडं आपोआप डुलतं. मेलं असलं तर नुसतं तरंगतं, लाकडासारखं.

सोजरबाईनं परातीत पाणी ओतलं. खालानं कोपर बुडवून पाहिलं. पहिलं अंडं सोडलं. पाणी स्थिर झालं, अंडंही. तिनं ते बाजूला ठेवलं. दुसरं. नाही. तिसरं. नाही. वैशाखातली अंडी, आठवडाभर मडक्यात ठेवलेली. चौथ्याला सोजरबाई रडायला लागली.

"रडू नको. पानी हलते," खाला म्हणाली.

पाचवं अंडं सोडलं. अंडं एका बाजूला कललं, थांबलं, आणि पुन्हा कललं, झोपेत कूस बदलावी तसं.

"हिल गया," रऊफ म्हणाला. मग लगेच, "तूने पानी को हात लगाया?"

"माहे हात इथी हायेत."

"सोजरबाई, तुमने?"

"मी कायले लावू बापा!"

रऊफ परातीवर वाकला, इतका की सुपारीचा थेंब पाण्यात पडायचाच बाकी. त्यानं सहावं अंडं स्वतःच उचललं, दोन्ही हातांत, आणि हळूच सोडलं. ते डुललं. "ये भी!" सातवं नाही. आठवं डुललं. नववं नाही. दहावं आणि अकरावंही. प्रत्येक वेळी रऊफचा आवाज थोडा लहान होत गेला, शेवटी परातीपाशी बसलेल्या पोरासारखा झाला.

"पाच," खाला म्हणाली. तिनं पाचही पुसून भुरीखाली ठेवली. "पाचात एक तरी कोंबडा निघंल. दसऱ्याले आरवंल."

"और एक भी नहीं निकला तो?"

"तं तू पुढच्या मृगाआधी ये."

रऊफ उठला, गुडघे झटकले. गल्लीतून भरभर परत आला. अंगणात गाडीवान जात्याशेजारी बिडी ओढत बसला होता.

"उतार," रऊफ म्हणाला.

"काय?"

"चक्की उतार, बोला ना! बहरा है क्या?"

आणि दोघांनी ते जातं, वरची तळी, खालची तळी, कण्हत कुंथत पुन्हा घरात नेलं. "आपा," रऊफ दमून नाकातून म्हणाला, "अगली बार लकडी की चक्की रख."

खुराड्यात शाहजादीनं बोंब ठोकली. बहुतेक अंडं घातलं होतं.